सायलेन्सर बदललास, आता काट्याकडे बघ

नवा सायलेन्सर बसवून आणलास आणि गाडी हीट मारायला लागली, तर सगळा दोष लगेच त्या नळीला देऊ नकोस, बाळा. जळालेल्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा धुरासोबत मागून निघून जातो आणि उरलेला पाण्यानं रेडिएटरपर्यंत वाहून न्यायचा असतो. फ्री फ्लो नळीनं धुराची वाट मोकळी होते. तेवढ्यानं रेडिएटरमधलं पाणी उकळायचं काही कारण नाही. म्हणून नळी बसवताना मिस्त्रीचा हात आणखी कुठं कुठं लागला, हे आधी विचार. बरीच दुखणी तिथंच सापडतात.

त्याच्याही आधी, गाडी खरंच तापतेय का ते ठरव. बॉनेट हाताला भाजतंय, पायाखालचा पत्रा गरम लागतोय, जळका वास येतोय, ही झाली बाहेरची धग. इंजिनाचं पाणी तापणं वेगळं. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटा मधोमध धरून ठेवलेला असतो, पाणी दहा-पंधरा अंश वर गेलं तरी तो हलत नाही. काहींत तर नुसता निळा-लाल दिवा. तेव्हा बारामतीत स्कॅनर असलेल्या गॅरेजवाल्याकडे जा आणि चालत्या गाडीचा आकडा वाचून घे. नव्वदच्या आसपास, फॅन लागेपर्यंत शंभरच्या जवळ, इथवर भ्यायचं नाही. फॅन फिरत असूनही आकडा वरच चाललाय, मग मात्र गाडी तिथंच ठेव.

आता मिस्त्रीला विचारायचं. मॅनिफोल्डवरचा पत्रा, ज्याला हीट शील्ड म्हणतात, तो परत लावला का? नवी नळी आडवी येते म्हणून तो काढतात आणि कोपऱ्यात टाकतात. जोर लागल्यावर पेट्रोल गाडीचा तो भाग सातशे-आठशे अंशांवर जातो. शेजारून पाण्याचा होज, फॅनची वायर, स्टार्टरची केबल गेलेली असते. वायरचं प्लॅस्टिक वितळलं की फॅन मुका होतो. पुढच्या बाजूचं खालचं प्लॅस्टिक काढलं होतं का, हेही विचार. ते शोभेचं नसतं, समोरचा वारा रेडिएटरमधूनच जावा म्हणून असतं. आणि काम करताना पाण्याचा एखादा होज सोडवला होता का? सोडवला असेल तर आत हवा धरलेली असणार. ती काढायला गाडी थंड असताना चढावर नाक वर करून उभी कर, झाकण उघड, हीटर पूर्ण गरमवर ठेव, इंजिन चालू कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कुलंट भरत राहा. झाकण लावल्यावर फॅन दोनदा लागून बंद झाला की हवा गेली म्हणायची. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो कुठं आहे ते आधी बघून ठेव.

गाडी केव्हा तापते, याकडे नीट ध्यान दे. आपल्या भागात ही परीक्षा फुकट होते. गाळप हंगामात भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या जोड ट्रॉलीमागं अडकलास, किंवा आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला आली आणि गाड्या मुंगीच्या पावलानं सरकायला लागल्या, की समोरून वारा मिळत नाही. सगळी मदार फॅनवर. अशा वेळी काटा चढतो आणि भिगवणला येऊन सोलापूर महामार्गाला लागलं की आपोआप उतरतो, तर फॅन, त्याची वायर, रिले, फ्यूज एवढंच तपास. उलट गावात गाडी थंड आणि महामार्गावर वेग धरला किंवा दिवे घाट चढायला घेतला की गरम, तर रेडिएटर आतून चोंदलाय, पाण्याचा पंप दमलाय किंवा मागची नळीच तुंबलीय. एवढं नीट सांगितलंस तर मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो आणि तुझे पैसेही.

तुंबलेली नळी म्हणशील तर तीही गोष्ट होते. स्वस्तातल्या सायलेन्सरच्या आतला पडदा सुटतो, नाहीतर जुन्या कॅटलिटिक कन्व्हर्टरचे तुकडे पडून पुढं अडकतात. मग धूर कोंडतो, गाडी ओढत नाही आणि तापते. जोडावर पॅकिंग नीट बसलं नसेल तर गार इंजिनाला फट-फट आवाज येतो. ती गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला वाटतं इंधन कमी पडतंय आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज घसरतं आणि कन्व्हर्टर लालबुंद होतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत उलटं घडतं. वालचंदनगर आपल्या शेजारी. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि त्याच कंपनीची पद्मिनी पुढं घराघरात पोचली. त्या गाडीला संगणक नव्हता. नळी मोकळी केली आणि जेट तेच ठेवलं की हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन खरोखर तापायचं. जाणता मिस्त्री प्लग काढून रंग बघायचा. कॉफीसारखा तपकिरी असला तर ठीक, पांढराफटक असला तर जेट मोठं करायचं. जुनी गाडी हौसेनं सांभाळत असशील तर हे आजही लागू आहे.

पाण्याबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. उन्हाळ्यात काटा चढला म्हणून कळशीभर पाणी ओतणारे पुष्कळ, पण तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कुलंट, याशिवाय काही घालू नकोस. आणि ‘थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गार राहील’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. तो काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि खरं दुखणं झाकलं जातं.

रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा बघून कडेला घे. लालमध्ये गेलाच तर इंजिन बंद कर. झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यानं एकशे दहा-वीस अंशांनाही उकळत नाही, पण झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. वरचा होज हातात धरता येईल इतका गार झाल्याशिवाय काही उघडू नकोस. नंतर तेलाची पट्टी काढून बघ. तेल दुधाळ दिसलं किंवा मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर गॅस्केट गेलं. मग टोचन लावून न्यायची, चालवत नाही.

आणखी एक, ऊसवाल्या गावात हे विसरू नकोस. शील्ड काढलेली गाडी वाळक्या पाचटावर उभी करायची नाही. रानाला आग लागायला तेवढं पुरतं. बीएस ६ डिझेल गाडीत तर मागचा फिल्टर स्वतःची काजळी जाळायला सहाशे अंशांपर्यंत तापतो. त्या फिल्टरला हातच लावू देऊ नकोस.

कायद्याचंही ऐक. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. त्यामुळं मूळ सायलेन्सर, त्याचे नट, त्याचा पत्रा भंगारात देऊ नकोस. पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेव. वर सांगितलेलं सगळं तपासूनही गाडी तापतच राहिली, तर तोच काढ आणि परत बसवून घे.