त्रिनिदादच्या लोकांना आपले बेट का आवडते?

(इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १७)



या महिन्यात गुरुजींनी चौथीच्या सर्व मुलांना एकेक देश वाटून दिला. डब्यातली चिठ्ठी उचलायची आणि जो देश निघेल त्याची माहिती भित्तिपत्रकासाठी लिहायची. गुरुजींनी फळ्यावर प्रश्न लिहून ठेवला होता, "तिथल्या लोकांना तिथले काय आवडते?" नुसती राजधानी आणि पिके लिहून चालणार नाही असे ते म्हणाले. माझ्या चिठ्ठीत त्रिनिदाद व टोबॅगो हे नाव निघाले. मी ते कधी ऐकलेच नव्हते. शेजारच्या मुलीला जपान आला, म्हणून मला रडू आले. पण आता मला वाटते की माझीच चिठ्ठी चांगली होती. का ते सांगते.

१. हा देश कुठे आहे?

पृथ्वीच्या गोलावर आपला भारत बोटाने धरा आणि गोल फिरवा. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर व्हेनेझुएला देश दिसेल. त्याच्या किनाऱ्यापासून जवळात जवळ ११ किलोमीटरवर त्रिनिदाद बेट आहे. त्याच्या ईशान्येला टोबॅगो हे छोटे बेट आहे. दोन्ही मिळून एक देश. आकाराने तो आपल्या गोव्यापेक्षा थोडा मोठा आहे. लोकवस्ती साधारण चौदा लाख. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्रजांपासून तो देश स्वतंत्र झाला.

आपल्या शाळेची घंटा सकाळी साडेदहाला होते तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजलेला असतो. तिथली मुले गाढ झोपलेली असतात. तिथे थंडी पडतच नाही. जानेवारी ते मे कोरडे दिवस आणि जून ते डिसेंबर पावसाचे दिवस, असे दोनच ऋतू.

२. तिथे भारतातली माणसे कशी गेली?

हा भाग मी आजीला वाचून दाखवला तेव्हा तिने भाकरी थापायची थांबवली.

त्रिनिदादमध्ये उसाचे मोठे मळे होते. आधी त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. १८३८ साली ते गुलाम पूर्ण मोकळे झाले. मग ऊस तोडायला माणसे मिळेनात. म्हणून इंग्रजांनी भारतातून मजूर न्यायला सुरुवात केली. 'फातेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघाले आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस समुद्रात राहून ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचले. पुढे १९१७ सालापर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे अशी गेली. बहुतेक माणसे बिहार आणि उत्तर प्रदेश या भागांतली होती. पाच वर्षे काम करण्याचा करार असे. करार म्हणजे इंग्रजीत ॲग्रीमेंट. त्या लोकांनी त्याचे 'गिरमिट' केले.

माझे आई-वडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड करावी लागते. मी आजीजवळ राहते. म्हणून मला गिरमिट लगेच समजले. गुरुजींना समजावून सांगावे लागले नाही.

आजीने विचारले, "आगं, मग ती माणसं परत आली का न्हाई?" मी सांगितले, काही आली, पण बहुतेक तिथेच राहिली. परतीच्या भाड्याऐवजी काहींना जमिनीचा तुकडा मिळाला. त्यांनी तिथेच घरे बांधली. आजी म्हणाली, "त्येंना तिथलं काय आवडलं आसंल?" गुरुजींचा प्रश्न आणि आजीचा प्रश्न एकच निघाला. आता उत्तरे लिहिते.

३. पहिली आवड : सगळ्यांचे सण सगळ्यांचे

त्रिनिदादमध्ये आफ्रिकेतून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे आहेत, भारतातून आलेल्यांची आहेत, आणि चिनी, युरोपी व अरबी मुलखातली माणसेही आहेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे शेजारी-शेजारी राहतात. म्हणून सणही पुष्कळ. दिवाळीला तिथे सरकारी सुट्टी असते. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांच्या कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या लावतात. पणतीला ते 'दिया' म्हणतात. त्या रात्री ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारीही जेवायला येतात. ईदला शेवयांची खीर घरोघर जाते. नाताळात सगळेच गाणी म्हणतात. १ ऑगस्टला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते, आणि ३० मेला ते पहिले जहाज आले म्हणून सुट्टी असते. ऊस तोडायला आलेल्या माणसांची आठवण म्हणून देशाला सुट्टी! हे मी दोनदा वाचले.

४. दुसरी आवड : खाणे

तिथे सकाळी रस्त्याच्या कडेला 'डबल्स' मिळतात. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या. त्यांना 'बारा' म्हणतात. त्यावर हरभऱ्याची उसळ, चिंचेची चटणी, काकडी आणि तिखट. कागदात गुंडाळून देतात आणि लोक उभ्या-उभ्याच खातात. कामावर जाणारा साहेब आणि मजूर एकाच गाडीजवळ उभे असतात.

रोटीचे प्रकार आहेत. 'दालपुरी'मध्ये वाटलेली डाळ भरतात. आपल्या पुरणपोळीसारखीच, पण गूळ नाही. दुसऱ्या एका रोटीचे नाव ऐकून वर्ग हसला. तव्यावरच लाकडी उलथन्यांनी बडवून तिचे तुकडे-तुकडे करतात. ती फाटक्या सदऱ्यासारखी दिसते, म्हणून तिचे नावच 'फाटका सदरा' या अर्थाचे आहे.

रविवारच्या जेवणात 'कॅललू' लागतो. अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घुसळतात. काही जण त्यात खेकडाही घालतात. हा पदार्थ आफ्रिकेकडच्या लोकांचा, पण खातात सगळे. अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून तळतात, त्याला 'सहिना' म्हणतात. आजी म्हणाली, "ही तर आपली अळूवडी." त्यांच्या बोलण्यात आलू, बैंगन, भाजी, तवा हे शब्द अजून आहेत. आणि सर्वांत गंमत म्हणजे भारतीय घरांत वडिलांच्या आईला 'आजी' आणि वडिलांच्या वडिलांना 'आजा' म्हणतात. हे ऐकून आजी खूप वेळ हसत होती.

५. तिसरी आवड : तेलाच्या पिंपातून निघालेले वाद्य

इंग्रजांना भीती वाटे की ढोल वाजले की मोकळे झालेले लोक दंगा करतील. म्हणून १८८० नंतर त्यांनी ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० नंतर बिस्किटांचे डबे आणि पत्रे वाजवायला लागले. त्रिनिदादमध्ये खनिज तेल सापडते, त्यामुळे तेलाची रिकामी पिंपे पडलेली असत. एका गोष्टीचा शोध लागला की पत्र्याला जिथे पोचा पडतो तिथला आवाज बदलतो. मग पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाटीसारखा खोलगट करायला लागले. त्यावर लहान-मोठे भाग आखायचे, पिंप विस्तवावर तापवायचे आणि बारीक हातोडीने प्रत्येक भागाचा सूर लावायचा. मोठ्या भागाचा सूर खालचा, लहान भागाचा वरचा. टोकाला रबर लावलेल्या काड्यांनी ते वाजवतात. हेच 'स्टीलपॅन'. संयुक्त राष्ट्र संघाने २०२३ साली ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिवस ठरवला.

गुरुजींनी मोबाईलवर ते ऐकवले. पाण्यात घुंगरं टाकल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेचे फुटके घमेले वाजवून पाहिले. तसा आवाज आला नाही. फक्त मार बसायचा राहिला.

ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होतो, त्याच्या आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी 'कार्निव्हल' असते. सोमवारी पहाटे अंधारातच लोक चिखल आणि रंग फासून रस्त्यावर येतात, आपल्या धुळवडीसारखे. मंगळवारी पिसांचे आणि चमकीचे मोठे-मोठे पोशाख घालून मिरवणूक निघते. पोशाख करायला काही महिने लागतात. परदेशी गेलेली माणसे खास या दोन दिवसांसाठी घरी येतात.

६. चौथी आवड : समुद्र, पाखरे आणि कासव

कारोनी नावाच्या दलदलीत संध्याकाळी लाल पाखरांचे थवे झाडांवर उतरतात. हा आयबिस पक्षी. आपल्याकडे शराटी म्हणतात त्या जातीचा. पिल्लू असताना तो करड्या-तपकिरी रंगाचा असतो. बारीक खेकडे व कोळंब्या खाऊन-खाऊन तो लालभडक होतो. तो त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी आहे.

मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत रात्री मोठी समुद्रकासवे वाळूवर अंडी घालायला येतात. एकेक कासव तीनशे ते पाचशे किलोचे असते. पूर्वी लोक त्यांना मांसासाठी मारत. आता किनाऱ्यावरच्या गावांतलेच लोक रात्री गस्त घालून त्यांना राखतात.

ला ब्रेया गावात डांबराचे तळे आहे. सुमारे शंभर एकर. त्यावरून चालता येते. डांबर खणून नेले की खड्डा हळूहळू आपोआप भरतो.

७. पाचवी आवड : 'लाइम' आणि क्रिकेट

'लाइम' म्हणजे लिंबू नव्हे. काही काम नसताना चार जणांनी मिळून बसणे, गप्पा मारणे, खाणे, हसणे याला तिथे लाइम म्हणतात. नदीवर जाऊन, मोठे पातेले नेऊन स्वयंपाक केला तर तो नदीवरचा लाइम. आमच्या गावात पारावर रोज लाइम असतो, फक्त आम्हाला नाव माहीत नव्हते.

क्रिकेट तर जीव की प्राण. ब्रायन लारा त्रिनिदादचाच. त्याने २००४ साली कसोटीत एका डावात नाबाद ४०० धावा केल्या. आपलाही एक धागा तिथे आहे. १९७१ साली अजित वाडेकर कप्तान असताना भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवले, ते पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर. सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी होती. गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी त्यात शतक काढले. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या. तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर गाणेच रचले. आपल्याला हरवणाऱ्याचे गाणे करायचे, असे ते लोक आहेत.

८. समुद्रातले देऊळ

शिवदास साधू नावाचे एक ऊसमजूर होते. त्यांनी १९४७ साली वॉटरलू गावात किनाऱ्यावर एक देऊळ बांधले. पण जमीन साखर कंपनीची होती. देऊळ पाडले गेले आणि साधूंना चौदा दिवस तुरुंगात टाकले. बाहेर आल्यावर ते म्हणे की जमीन कंपनीची असेल, पण समुद्र कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड, सिमेंट नेऊन त्यांनी समुद्रात भर घातली आणि तिथे देऊळ उभे केले. पंचवीस वर्षे ते हे काम करत होते. १९९५ साली सरकारने ते देऊळ नीट बांधून दिले. आज तिथे सर्व धर्मांचे लोक बघायला जातात.

९. सगळे चांगलेच आहे का?

नाही. तिथेही मारामाऱ्या आणि खून होतात. पोरे नोकरीसाठी अमेरिका, कॅनडाला जातात. २००३ साली सरकारी साखर कंपनी बंद झाली, तेव्हा हजारो मजुरांचे काम गेले. पण गेलेली माणसे टोरोंटो, न्यूयॉर्क अशा शहरांतही कार्निव्हल करतात आणि रोटीची दुकाने काढतात. म्हणजे त्यांना घराची आठवण येते. आवडत नसते तर कशाला आली असती?

१०. मला काय समजले

आजीला मी माझे उत्तर सांगितले. त्या लोकांना तिथे तयार काही मिळाले नाही. त्यांनी पिंपातून वाद्य काढले, समुद्रातून जागा काढली, अळूची वडी केली आणि शेजाऱ्याला जेवायला बोलावले. स्वतः केलेले होते म्हणून ते आवडले.

अजून एक. कमला प्रसाद बिसेसर या बाई २०१० साली त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि २०२५ साली पुन्हा झाल्या. त्यांचे पूर्वज बिहारमधून गेलेले गिरमिटिये. २०१२ साली त्या बिहारमधल्या पूर्वजांच्या गावी येऊन गेल्या. वर्गात कुणी मला "कोयतेवाल्याची" म्हटले की मी खाली बघायची. आता नाही बघत.

गुरुजी, एक विनंती आहे. कारखान्याचा पट्टा पडायला अजून महिना-दीड महिना आहे. तोपर्यंत हा कागद भिंतीवरून काढू नका. माझ्या आईला वाचता येत नाही, पण मी तिला इथे उभी करून वाचून दाखवणार आहे.

सांगा पाहू!
१) 'गिरमिट' हा शब्द कशावरून झाला?
२) आयबिस पक्षी लाल का होतो?
३) त्रिनिदादमध्ये ३० मेला सुट्टी का असते?
४) तुमच्या गावात तुम्हाला सर्वांत काय आवडते? (याचे उत्तर घरी सगळ्यांना विचारून लिहा.)