ग्रीक मुळाचे काही इंग्रजी शब्द

स्कूल, सेंटर, फोटो, टेलिफोन हे शब्द आता खेडोपाडी सर्वांच्या तोंडी आहेत. ते इंग्रजीतून आपल्याकडे आले हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्यांची मुळे ग्रीक भाषेत आहेत. त्यांचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम सेंटर हा शब्द घेऊ. ग्रीक भाषेत 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारे टोक. बैल हाकण्याच्या पराणीसही हेच नाव होते. प्रेषितांची कृत्ये 26:14 ह्या वचनात मूळ ग्रीकमध्ये पराणीसाठी हाच शब्द योजिला आहे. पुढे वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक रोवतात त्यास, व त्यावरून वर्तुळाच्या मध्यबिंदूस हे नाव पडले. लॅटिन व फ्रेंच भाषांतून ते इंग्रजीत गेले. हाच शब्द ज्योतिषशास्त्राबरोबर संस्कृतात येऊन 'केंद्र' झाला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ग्रंथात तो आढळतो. तेव्हा सेंटर म्हणा की केंद्र म्हणा, मूळ एकच!

काही शब्द मात्र नव्या शोधांसाठी मुद्दाम घडविले गेले. प्रकाश व लेखन ह्या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून 'फोटोग्राफी' हे नाव झाले. हर्शेल ह्या शास्त्रज्ञाने ते 1839 मध्ये प्रचारात आणिले. त्याचप्रमाणे 'टेले' म्हणजे दूर व 'फोने' म्हणजे आवाज, मिळून टेलिफोन.

स्कूल ह्या शब्दाचे मूळ तर नवलाचे आहे. ग्रीक 'स्खोले' म्हणजे फुरसत. फुरसतीच्या वेळी जी ज्ञानचर्चा चाले तिला, आणि मग ती चर्चा जेथे होई त्या जागेला तेच नाव मिळाले.

येथे उपदेशक बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असे धरून शिकवू लागल्यास घोटाळा होईल. शाळा ही रिकामटेकड्यांची जागा म्हणावी लागेल, व प्रत्येक केंद्रात पराणी शोधावी लागेल! शब्दाचा आजचा अर्थ आजच्या वापरावरूनच ठरतो. मुळावरून कळते ती त्याची वाट.

तथापि ह्या वाटेवर बोधही सापडतो. फुरसतीवाचून विद्या नाही. ज्या मुलाचा सारा दिवस गुरांमागे जातो, त्याचे नाव पटावर असून काय उपयोग? त्याचा शिकण्याचा वेळ मोकळा करून देणे हे आईबापांचे, आणि त्यांना हातभार लावणे हे मंडळीचे काम आहे.