हातातला फोन, टेबलावरचा संगणक



मे महिन्याच्या सुट्टीत मी एका ऑफिसात डेटा एन्ट्रीचं काम केलं. पहिल्याच दिवशी ४० रकाने भरले, एक चूक लक्षात आली म्हणून 'बॅक' दाबलं, आणि सगळा फॉर्म कोरा! शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "इथं मागं जायचं नसतं गं. १५ वर्षं झाली, मी कधीच जात नाही." मला वाटलं, चूक माझीच. संध्याकाळी बसमध्ये मैत्रिणीला मेसेज लिहिताना मध्येच आईचा फोन आला. बोलून झाल्यावर पाहिलं तर अर्धवट मेसेज जागच्या जागी होता. तेव्हा प्रश्न पडला, सकाळची चूक खरंच माझी होती का?

हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाने 'अपेक्षांचं क्षितिज' अशी एक कल्पना मांडली आहे. वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. आधी वाचलेली पुस्तकं त्याच्या सोबत असतात. स्क्रीनचंही तसंच आहे. याकोब नील्सन हे वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक सांगतात की लोक त्यांचा बराचसा वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतात, म्हणून तुमचीही तशीच चालावी असं त्यांना वाटतं.

पूर्वी संगणक बहुतेकांना पहिल्यांदा ऑफिसातच भेटायचा. जसा असेल तसा तो शिकून घ्यायचा. २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आलं आणि तुलना सुरू झाली. लोक स्वतःचा फोन कामावर आणू लागले. मोठ्या कंपन्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. कारखान्यांचे आणि कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या एसएपीने २०१३ मध्ये 'फिओरी' नावाची सोपी मांडणी आणली. २०१४ मध्ये ॲपल आणि आयबीएम कामाच्या ठिकाणची ॲप्स बनवायला एकत्र आले.

मग ऑफिसचं सॉफ्टवेअर फोनसारखंच दिसायला हवं का? मला तसं वाटत नाही. टॅलीवर हात बसलेला अकाउंटंट बघा. एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-८ म्हणजे विक्री, कंट्रोल-ए दाबलं की नोंद पक्की. माउसला हात लावायची गरजच नाही. त्याला मोठी रंगीत बटणं दिली तर तो वैतागेल. फोनवरचं काम दोन मिनिटांचं असतं, त्याचं दिवसभराचं.

पण दिसणं वेगळं आणि वागणं वेगळं. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना द्यायचं होतं. मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात ठेवायला 'फ्लेक्सक्यूब' या सॉफ्टवेअरमध्ये ३ रकाने भरावे लागत; भरला गेला १. तिघांनी तपासलं, तिघांनाही बरोबर वाटलं. जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. पैसे बँकेबाहेर जातील अशी सूचना स्क्रीनवर आली होती, पण किती जातील हे त्यात नव्हतं. पुढे कोर्टकचेरी २०२२ पर्यंत चालली. आपण यूपीआयवरून चहाचे २० रुपये देतो, तेव्हासुद्धा पिन टाकण्याआधी नाव आणि रक्कम समोर दिसते!

म्हणून माझं म्हणणं इतकंच: ऑफिसच्या सॉफ्टवेअरने फोनचं रूप घेऊ नये, फोनच्या चांगल्या सवयी घ्याव्यात. लिहिलेलं जपावं. मागे फिरू द्यावं. मोठं पाऊल टाकण्याआधी नेमकं काय होणार ते स्पष्ट सांगावं. हे लाड नव्हेत. आमच्या मॅडम १५ वर्षं 'बॅक'ला घाबरून काम करतायत आणि चुकलं की स्वतःलाच बोल लावतात. फोनमुळे आपल्याला एवढं तरी कळलं की दरवेळी दोष माणसाचाच नसतो.

अभ्यासासाठी: कॉलेजचा किंवा बँकेचा एखादा ऑनलाइन फॉर्म भरताना तुम्ही कुठे अडखळलात ते लिहून काढा. तिथे तुमची अपेक्षा काय होती आणि ती कोणत्या ॲपने तुम्हाला शिकवली, हे शोधा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू या.