सोपे दिसणारे इंग्रजी शब्द आणि आपली सही

मेहकरात कर्जावर टेम्पो घेतलेल्या कोणत्याही बांधवाला ‘हायपोथिकेशन’ म्हणजे काय, असे विचारून पाहा. उच्चार करताना जीभ अडखळेल, पण अर्थ तो बरोबर सांगेल. गाडी आपल्या ताब्यात, मात्र आर.सी.वर फायनान्सवाल्याचे नाव. हप्ते फिटले की ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ आर.टी.ओ. कार्यालयात देऊन ते नाव काढून घ्यावयाचे. आपल्याकडे या व्यवहाराला ‘नजरगहाण’ असा नेमका शब्द आहे. वस्तू वापरणाऱ्याकडेच राहते, हक्क तेवढा अडकतो. दागिना काढून देणाऱ्याच्या हाती ठेवला तर तो ‘प्लेज’, घर किंवा शेत अडकवले तर ‘मॉर्गेज’. तीन अवघड शब्द, आणि तिन्ही व्यवहार आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचे. (व्याजाचा प्रश्न येथे बाजूला ठेवतो, तो या लेखाचा विषय नाही.)

सांगायचे हे की, अवघड शब्दापासून फारसा धोका नसतो. तो वाचता येत नाही म्हणून माणूस थांबतो, कोणाला तरी विचारतो. फसवणूक होते ती शाळेत शिकलेल्या, ओळखीच्या शब्दांकडून.

‘आउटस्टँडिंग’ हा शब्द घ्या. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तो आला तर पेढे वाटावेत; ठोक व्यापाऱ्याच्या पत्रात आला तर ती आपल्याकडील थकलेली बाकी. ‘प्रिन्सिपल’ शाळेत मुख्याध्यापक, कर्जाच्या कागदात मुद्दल. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, व्यवहाराचा मोबदला. ‘इन्स्ट्रुमेंट’ हे सुताराचे हत्यार नव्हे. धनादेश, वचनचिठ्ठी असा दस्त. ‘एक्झिक्यूट’ म्हटले की आपल्याला फाशी आठवते, कागदात त्याचा अर्थ दस्त सही करून पुरा करणे. आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे पत्राच्या माथ्यावर असले तर लिहिणारा पूर्वग्रहाविषयी काही बोलत नाही. या पत्रामुळे आपल्या हक्काला बाधा येऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे असते.

या शब्दांत आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. फर्निचरचे काम करणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका भाईंनी भागीदारासह यंत्रासाठी रक्कम उचलली होती. सहीपूर्वी त्यांनी कागद आम्हाला दाखवला. त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे होते. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, हे आम्हाला शाळेपासून पाठ. “दोघे मिळून फेडायचे, बाकी शब्द असेच भरतीचे असतात,” असे सांगून आम्ही मोकळे झालो. भाईंनी अर्धा भाग आपला समजून सही केली. पुढे भागीदाराने गाव सोडले आणि संपूर्ण रकमेची नोटीस भाईंच्या एकट्याच्या नावाने आली. ते कागद घेऊन पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा रागावले नाहीत. “आपण तर वाचलं होतं ना?” एवढेच त्यांनी विचारले. यंत्र विकावे लागले.

त्या दोन शब्दांचा अर्थ असा: दोघे मिळूनही जबाबदार आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे संपूर्ण रकमेला जबाबदार. देणाऱ्याला वाटेल त्याच्याकडून तो पूर्ण पैसा मागू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ४३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्तता मागता येते. ज्याने सर्व भरले त्याला इतरांकडून त्यांचा हिस्सा मागण्याचा हक्क त्याच कलमात आहे; पण तो माणूस सापडला तर! जामीनदाराचेही तसेच. कलम १२८ प्रमाणे, करारात निराळे लिहिलेले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते. म्हणून ‘विटनेस’ आणि ‘गॅरंटर’ या दोन रकान्यांतील फरक डोळे उघडे ठेवून पाहावा. पहिला फक्त सही झाल्याचा साक्षीदार, दुसरा स्वतः देणेकरी होऊ शकणारा. ओळखीपाळखीत ‘फक्त एक सही हवी’ म्हणून कागद पुढे येतो, तो बहुधा दुसऱ्या रकान्याचा असतो.

सूरह बकरातील देण्याघेण्याविषयीची दीर्घ आयत (२८२) अनेकांना ठाऊक आहे. उधारी लिहून ठेवावी, साक्षीदार असावेत, हे आपण नेहमी ऐकतो. मजकूर कोणी सांगावा याकडे मात्र कमी लक्ष जाते. ज्याच्यावर देणे आहे त्याने तो सांगावा, आणि त्याला ते जमत नसेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा, असे तेथे आहे. आज छापील कागद समोरचा देतो आणि देणेकरी न वाचता सही करतो. नेमके उलटे झाले आहे.

शब्द शिकायचे कसे? जाडा शब्दकोश पाठ करून काही साधत नाही. आपल्याच गल्ल्यातील कागद काढावेत: बिले, विम्याची पॉलिसी, भाडेकरार. एक शब्द, त्याला आपला मराठी किंवा उर्दू शब्द, आणि तो कोणत्या कागदावर सापडला, एवढे वहीत लिहावे. आठवड्याला चार शब्द पुष्कळ झाले. धर्मकाट्याच्या पावतीवर ‘टेअर’ असते, म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. दुकानात आपण भांड्याचा धडा करतो तेच. गंमत अशी की हा शब्द मुळात अरबी ‘तर्ह’, म्हणजे टाकून देणे, यावरून इंग्रजीत गेला. ‘टॅरिफ’चे मूळ अरबी ‘तारीफ’मध्ये, ‘मॅगझिन’चे ‘मखज़न’मध्ये, आणि वऱ्हाडचे पांढरे सोने ‘कॉटन’ हे ‘कुत्न’. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीला इतके परके मानण्याचे कारण नाही.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे आवश्यक आहे. एकूण खर्च, हप्ते, आकार हे सारे त्यात असते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, समजावून सांगावे आणि तसे समजल्याची पोच घ्यावी, असा नियम आहे. ही पोचसुद्धा एक सहीच असते. समजले नसेल तर ती देऊ नये, मराठीतील प्रत मागावी.

ते भाई आता दुसऱ्याच्या दुकानात मजुरीने काम करतात. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘सेव्हरली’ हा शब्द त्यांच्याच अक्षरात आहे, आणि त्यापुढे त्यांनी लिहिले आहे: ‘पूरा, अकेला’.