मुलाखतीतला एक प्रश्न

मुलांनो, आपल्याकडे डॉक्टरीचा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो. अमेरिकेत मात्र गुणांबरोबर मुलाखतही होते. तेथे डॉक्टर होण्याच्या पदव्या दोन आहेत : एम. डी. आणि डी. ओ. डी. ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर. तेही औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. शिवाय स्नायू व सांध्यांवर हातांनी उपचार करायला शिकतात. अँड्र्यू स्टिल यांनी याचे पहिले विद्यालय १८९२ साली मिसुरी राज्यात काढले.

"तुम्हांला डी. ओ.च का व्हायचे आहे?" हा प्रश्न मुलाखतीत बहुधा येतोच. सोपा वाटतो ना? पण पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. ज्याने अशा डॉक्टरांजवळ बसून दुखऱ्या पाठीवर फिरणारा त्यांचा हात पाहिला असेल, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. आणि ज्याला एम. डी.ला प्रवेश मिळाला नाही म्हणूनच जो आला आहे, त्याने काय सांगावे?