कॅमेरा घेण्याआधी बाइटचा हिशेब करा

कापडातील दोष पकडणाऱ्या यंत्राचा कॅमेरा घेताना विक्रेता रंगीत चित्राची तारीफ करतो. पण ते चित्र संगणकापर्यंत वेळेत पोचेल का? व्यापारी बंधूंनी हा हिशेब स्वतः करावा.

चित्र पिक्सेल नावाच्या ठिपक्यांचे असते. समजा, एका चित्रात २० लाख पिक्सेल आणि सेकंदाला ५० चित्रे. 'मोनो ८' या काळ्या-पांढऱ्या प्रकारात पिक्सेलला १ बाइट लागतो. सेकंदाला १० कोटी बाइट झाले. 'आरजीबी ८' मध्ये तीन रंगांचे ३ बाइट, म्हणजे ३० कोटी. गिगाबिट इथरनेट केबलची कमाल मर्यादा १२.५ कोटी. पहिला माल जातो, दुसरा अडतो. मग चित्रे कमी करावी लागतात आणि चालते कापड न तपासताच पुढे सरकू शकते.

मधला मार्ग 'बायर ८'. प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपून १ बाइट पाठवतो; उरलेले दोन रंग संगणक शेजारच्या पिक्सेलांवरून काढतो. मात्र बारीक धाग्यांवर खोटा रंग उमटू शकतो.

म्हणून कोऱ्या कापडातील भोक किंवा तुटका धागा शोधायला बहुधा मोनो पुरतो. छपाईचे रंग तपासायचे असतील तरच रंगीत घ्यावा. ऑर्डरपूर्वी हा गुणाकार विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.