जुलाब किती मुलांना होतात, हे मोजायचं कसं?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पावसाळ्यात अंधेरी-घाटकोपरच्या दवाखान्यांत जुलाबाची किती मुलं आली, यावरून खरा आकडा कळेल का? नाही. बरीच मुलं घरीच बरी होतात. ती दवाखान्याच्या नोंदवहीत येतच नाहीत. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी जाऊन आईलाच विचारतात : मागच्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले होते का? हे काम आपल्याच देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते. दोनच आठवडे का? त्याआधीचं नीट आठवत नाही हो!

२०१९-२१ मध्ये देशात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ७.३ जणांना झाले होते. वर्षाचे पंधरवडे २६, म्हणजे शंभर मुलांमागे १९० वेळा? इथे विद्यार्थी हमखास फसतात. आधी सुरू होऊन पंधरवड्यात संपलेलं दुखणंही 'हो'मध्येच येतं. दुखणं चार दिवसांचं धरलं, तर भागायचं १४ ने नाही, १८ ने : ७.३ × ३६५ ÷ १८, सुमारे १४८. ओआरएसची पाकिटं किती मागवायची हे ठरवताना हा फरक लहान नाही. आठवीला हे गणित जरूर द्या. आणि पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, हेही विचारायला लावा. या गुणाकारात जुलै आणि जानेवारी सारखेच धरलेत.